प्रवासी विमानाच्या इंजिनाचा थ्रस्ट : १ लाख १५ हजार पाउंड लागतात कधी?

प्रश्न असा आला आहे : "मोठ्या प्रवासी विमानाचं जेट इंजिन नेमका किती थ्रस्ट देतं? एके ठिकाणी १ लाख १५ हजार पाउंड वाचलं, दुसरीकडे ५१३ किलोन्यूटन, तिसरीकडे कुणी हॉर्सपॉवरमध्ये सांगतं. त्यात पायलट म्हणतात, टेकऑफला आम्ही पूर्ण ताकद लावतच नाही. मग खरा आकडा कोणता?"

थ्रस्ट म्हणजे इंजिन विमानाला पुढे ढकलतं तो जोर. आधी आकडे सांगून टाकतो. ७३७ किंवा ए३२० सारख्या, मधे एकच वाट असलेल्या विमानांची इंजिनं साधारण २० ते ३३ हजार पाउंडांची असतात. ७८७ चं एकेक इंजिन ७० हजारांच्या आसपास. ए३८० ला चार इंजिनं, प्रत्येक साधारण ७० हजार पाउंडांचं. ए३५०-९०० चं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी ८४ हजारांचं, त्याच्या मोठ्या भावाचं, म्हणजे ए३५०-१००० चं, ९७ हजारांचं. आणि ७७७-३००ईआर ला लागतं ते जीई९०-११५बी, १,१५,३०० पाउंडांचं. हे विमान २००४ मध्ये सेवेत आलं आणि त्यानंतरची दोन दशकं प्रवासी सेवेत याच्यापुढे दुसरं इंजिन गेलं नाही.

पाउंड आणि किलोन्यूटन या एकाच गोष्टीच्या दोन मापट्ट्या आहेत. एक पाउंड बल म्हणजे ४.४४८ न्यूटन. त्यामुळे १,१५,३०० पाउंड आणि ५१३ किलोन्यूटन यांत भांडण नाही. मला स्वतःला टनांत विचार करायला आवडतं, कारण त्याने अंदाज हाताशी येतो : ५१३ किलोन्यूटन म्हणजे सुमारे ५२ टन वजन तोलून धरेल एवढा जोर. जीई९० स्वतः पावणेनऊ टनांचं आहे. ते तोंड वर करून उभं केलं आणि पूर्ण ताकदीने चालवलं, तर स्वतःचं वजन उचलून वर ४३ टन उरतात. रिकामं ७३७-८०० साधारण ४१ टनांचं भरतं. एक इंजिन ते आख्खं विमान पंखांच्या मदतीशिवाय उचलू शकेल.

हॉर्सपॉवरचा मुद्दा वेगळा आहे, त्याकडे शेवटाकडे येतो. आधी हा आकडा येतो कुठून, ते पाहू. माझी कामाची बरीच वर्षं टेस्ट सेलमध्ये गेली आहेत, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

ओव्हरहॉल झालेलं इंजिन विमानावर चढवण्याआधी टेस्ट सेलमध्ये चालवून पाहतात. जाड काँक्रीटच्या भिंतींची, लांबच लांब खोली. एका टोकाने हवा आत येते, दुसऱ्या टोकाच्या मोठ्या नळीतून बाहेर जाते. छताला एक पोलादी चौकट असते. ती पातळ, लवचिक पट्ट्यांवर लटकवलेली असते, म्हणजे तिला पुढेमागे सरकायला केसभर मोकळीक राहते. इंजिन या चौकटीला टांगायचं. तोंडावर विमानातल्या इनटेकऐवजी कर्ण्यासारखा गुळगुळीत बेलमाउथ बसवायचा. इंजिन चालू झालं की चौकट पुढे जायला बघते आणि तिला अडवणारा लोड सेल जोर मोजतो. वजनकाटा आडवा केला तर जे होईल तेच.

वाचलेला आकडा मात्र तसाच कागदावर जात नाही. त्या दिवसाचं तापमान, हवेचा दाब, आर्द्रता नोंदवून तो प्रमाण दिवसावर आणावा लागतो, म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचा दाब. शिवाय सेलमध्ये इंजिनाच्या अंगावरून वाहणारी हवा चौकटीला थोडं मागे ढकलते, तेवढा तोटा परत मिळवावा लागतो. माहितीपत्रकात जो थ्रस्ट छापलेला असतो तो असा, जागेवर उभ्या, हलत नसलेल्या इंजिनाचा आणि प्रमाण दिवसाचा असतो. ही अट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

एक प्रसंग सांगतो. एका इंजिनाचा थ्रस्ट अपेक्षेपेक्षा एक टक्का कमी येत होता. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यावर इंजिन नापास होऊ शकतं. फॅनचा वेग बरोबर, इंधनाचा प्रवाह बरोबर, एक्झॉस्टचं तापमान बरोबर. पोटात काही बिघाड असता तर यातलं काहीतरी बोललंच असतं. दोनदा चालवलं, दोनदा तेच. शेवटी शिडी लावून चौकटीवर चढलो आणि एकेक पाइप हाताने हलवून पाहत गेलो. एक होज क्लॅम्प अशा बेताने आवळला होता की तो हलत्या चौकटीला आणि पक्क्या बांधकामाला एकदमच पकडत होता. इंजिनाचा थोडा जोर लोड सेलपर्यंत पोचण्याआधी त्या क्लॅम्पमधून भिंतीत जात होता. क्लॅम्प बोटभर बाजूला घेतला, आकडा जागेवर आला. तेव्हापासून कुणी मला थ्रस्टचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न मनात येतो : मोजला कसा?

आता तो जोर तयार कसा होतो ते. सूत्र एका ओळीत मावतं : दर सेकंदाला किती किलो हवा मागे टाकली, गुणिले तिचा वेग किती वाढवला. नोझलपाशी, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडापाशी, दाबाचा थोडा हिस्सा मिळतो, तो इथे सोडून देतो. टेकऑफला जीई९०-११५बी मधून सेकंदाला साधारण १,६०० किलो हवा जाते. हवा वजनाला हलकी, त्यामुळे एवढं वजन म्हणजे जवळपास १,३०० घनमीटर. वीस मीटर लांब, तेरा मीटर रुंद, पाच मीटर उंच सभागृहातली सगळी हवा एका सेकंदात गिळायची, आणि पुढच्या सेकंदात पुन्हा. ती सरासरी ३२० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास वेगाने मागे फेकली की १,६०० गुणिले ३२०, म्हणजे ५१२ किलोन्यूटन. माहितीपत्रकातला आकडा हाच.

हाच जोर अर्ध्या हवेत, दुप्पट वेगाने फेकूनही मिळाला असता : ८०० किलो, ६४० मीटर प्रतिसेकंद. गुणाकार तोच. पण हवेला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पहिल्या रीतीत सुमारे ८२ मेगावॉट खर्च होतात, दुसरीत १६४. जोर तेवढाच, खर्च दुप्पट. गेल्या साठ वर्षांत इंजिनांची तोंडं मोठी होत गेली, त्याचं मूळ या हिशोबात आहे.

१९५८ मध्ये ७०७ सेवेत आलं तेव्हा त्याच्या एकेका इंजिनाचा जोर साधारण १३,५०० पाउंड होता, आणि तोही टेकऑफला आत पाणी फवारल्यावर. ते टर्बोजेट होतं. जेवढी हवा आत येई ती सगळी जळणाच्या वाटेने जाऊन अतिशय वेगाने, अतिशय आवाजाने मागे पडे. १९७० मध्ये ७४७ आलं ते साधारण ४३,५०० पाउंडांच्या जेटी९डी वर, आणि त्या इंजिनाच्या पुढ्यात मोठा फॅन होता. त्यानंतर दिशा बदललेली नाही. आजच्या मोठ्या इंजिनात आत येणाऱ्या दहा किलो हवेतली जवळजवळ नऊ किलो जळणाच्या भट्टीकडे जातच नाही. ती फक्त फॅनमधून जाऊन गाभ्याच्या बाहेरून मागे निघते. थ्रस्टचा मोठा वाटा तिचा. मधला तापलेला गाभा मुख्यतः तो फॅन फिरवण्यासाठी असतो.

जीई९०-११५बी च्या फॅनचा व्यास ३.२५ मीटर. पूर्ण ताकदीला तो मिनिटाला साधारण २,३५० फेरे घेतो. मिनिटाला २,३५० हा आकडा मोठा वाटत नाही, पण पात्याच्या टोकाशी गणित करा : सेकंदाला ४०० मीटर. आवाजापेक्षा जास्त. विमानात पुढच्या बाजूला बसलात तर टेकऑफला करवतीसारखी घरघर ऐकू येते, ती या पात्यांच्या टोकांवर उभ्या राहणाऱ्या धक्कालहरींची. ताकद कमी केली की ती घरघर एकदम थांबते. मला तो आवाज आजही आवडतो.

हा जोर धातूवर नेमका कुठे पडतो, याचं उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटतं. मागून वायू सुटतात म्हणून इंजिनाच्या मागच्या भागाला पुढे रेटा बसत असेल, असं चित्र डोळ्यांपुढे असतं. तसं होत नाही. फॅन आणि कंप्रेसर (आत आलेली हवा दाबणारी चक्रं) पुढे ओढतात, कारण त्यांच्या मागच्या बाजूला दाब जास्त असतो. टर्बाइनला, म्हणजे जळालेल्या वायूवर फिरणाऱ्या मागच्या चक्रांना, मात्र वायू मागे ढकलतो. फॅन आणि त्याला फिरवणारं टर्बाइन एकाच शाफ्टवर असल्यामुळे एक पुढे ओढतं, दुसरं मागे, आणि उरलेली ओढ एक बॉल बेअरिंग झेलतं. तिथून ती केसिंगमध्ये जाते आणि केसिंगमधून, बहुतेक मोठ्या इंजिनांत, दोन तिरक्या दांड्यांमधून पायलॉनकडे, म्हणजे इंजिन पंखाला जोडणाऱ्या खांबाकडे. या दांड्यांना आम्ही थ्रस्ट लिंक म्हणतो. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडून कधी पाहायला मिळालं तर नक्की शोधा. दंडाएवढ्या जाडीच्या दोन दांड्या, दोन्ही टोकांना पिना. विमान धावपट्टीवर धावायला लागतं ते या पिनांमधून. प्रवाशाला पाठीवर जो दाब जाणवतो, तो आधी तिथून गेलेला असतो.

आता मुख्य प्रश्न. एवढा जोर हवा कशाला? विमान वर न्यायला, हे उत्तर अर्धवट आहे. उचलण्याचं काम पंख करतात. दोन्ही इंजिनं ठणठणीत असतील तर विमानाला लागतो त्यापेक्षा थ्रस्ट पुष्कळ जास्त असतो. तो आकडा ठरतो दुसरं इंजिन बंद पडण्याच्या शक्यतेवरून.

नियम असा आहे : टेकऑफच्या धावेत, थांबणं शक्य नाही अशा वेगानंतर, एक इंजिन गेलं तरी विमानाने उडालं पाहिजे आणि चाकं आत घेतल्यावर ठरावीक चढ राखला पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानासाठी हा चढ २.४ टक्के, तीन इंजिनांसाठी २.७, चार इंजिनांसाठी ३ टक्के. २.४ टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर २.४ मीटर वर.

७७७-३००ईआर वर हे लावून पाहू. टेकऑफचं कमाल वजन सुमारे ३५१.५ टन. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) बाहेर, एक इंजिन मेलेलं, ते हवेच्या झोताने नुसतंच फिरतंय, विमान सरळ ठेवायला शेपटीचा रडर दाबलेला. अशा अवस्थेत लिफ्ट (पंखांची उचल) ड्रॅगच्या (हवेच्या अडवणुकीच्या) साधारण अकरा पट धरा. म्हणजे फक्त वेग राखायला वजनाच्या ९.१ टक्के जोर हवा. चढासाठी २.४ टक्के आणखी. मिळून ११.५ टक्के : साधारण ४० टन. आणि हा सगळा भार एकाच इंजिनावर.

ते इंजिन कागदावर ५२ टनांचं आहे. पण कागदावरचा आकडा जागेवर उभ्या इंजिनाचा. विमान ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरने जात असतं तेव्हा समोरून येणारी हवा आधीच वेगात असते, म्हणून तिचा वेग वाढवायला कमी वाव उरतो. मोठ्या फॅनच्या इंजिनात त्या वेगाला थ्रस्टचा साधारण पाचवा हिस्सा गळतो. ५२ चे उरले सुमारे ४२. लागणारे ४०, असलेले ४२. अकरा पट हा माझा ठोकताळा आहे, खऱ्या हिशोबात धावपट्टी, वारा, समोरचे अडथळे असं बरंच काही येतं. पण १ लाख १५ हजार पाउंड कशासाठी, ते या दोन आकड्यांत दिसतं.

आता ए३८० पाहा. वजन ५७५ टन, म्हणजे त्या ७७७ च्या दीडपटीहून जास्त. तरी त्याचं एकेक इंजिन चाळीस टक्क्यांनी लहान. कारण चारातलं एक गेलं तर तीन उरतात. ३ टक्के चढ अधिक ड्रॅग मिळून १२ टक्के धरले तर ६९ टन, तिघांत वाटले की प्रत्येकी २३, आणि उभ्या अवस्थेत आणल्यावर साधारण २९ टन. म्हणजे ६४ हजार पाउंडांच्या घरात. प्रत्यक्षातली ७० हजारांची इंजिनं त्याला पुरतात. एकूण थ्रस्टचं वजनाशी प्रमाण काढलंत तर ७७७ चं ०.३ च्या आसपास येतं, ए३८० चं त्याहून बरंच कमी. दोन इंजिनांच्या विमानात एक गेलं की अर्धी ताकद जाते, त्यामुळे सुरुवातीलाच दुप्पट घेऊन निघावं लागतं. सगळं धड असलेलं दोन इंजिनांचं विमान झपाट्याने चढतं ते या राखीव ताकदीमुळे.

यातूनच पायलट म्हणतात त्याचं उत्तर मिळतं. विमान नेहमी कमाल वजनाचं नसतं, धावपट्टी अनेकदा गरजेपेक्षा लांब असते. मग पूर्ण जोर कशाला? इंजिनाच्या संगणकाला बाहेरचं तापमान आहे त्यापेक्षा जास्त सांगतात, समजा २० अंश असताना ५० अंश, आणि इंजिन त्या गरम दिवसाला परवडेल एवढाच थ्रस्ट देतं. याला अझ्यूम्ड टेम्परेचर किंवा फ्लेक्स टेकऑफ म्हणतात. या रीतीने जास्तीत जास्त २५ टक्के कपात करता येते. एक इंजिन गेलं तरी चालेल, हा हिशोब कमी केलेल्या थ्रस्टवरही पूर्ण केलेला असतो. आणि गरज पडलीच तर लिव्हर पुढे ढकलून राहिलेला जोर मिळवता येतो.

गरम दिवसाचा उल्लेख आला, तर तेही सांगतो. हवा तापली की विरळ होते, तेवढाच जोर काढायला जास्त इंधन लागतं आणि आतलं तापमान चढतं. टर्बाइनच्या तोंडाशी येणारा वायू १,५०० अंशांच्याही वर असतो. त्या पात्यांचा निकेलचा मिश्रधातू त्याच्या आधीच वितळतो. पाती टिकतात ती आतून खेळवलेल्या थंड हवेमुळे आणि अंगावरच्या सिरॅमिक लेपामुळे. म्हणून बहुतेक इंजिनं समुद्रसपाटीला साधारण ३० अंशांपर्यंत छापील थ्रस्ट देतात, आणि त्यापुढे दर अंशाला तो उतरत जातो. थंड दिवशी इंजिन जास्त देऊ शकलं असतं, पण संगणक देऊ देत नाही. छापील आकडा ही एक आखून दिलेली रेघ आहे. इंजिनाची कुवत त्याच्या पलीकडे असते, आणि ती मुद्दाम शिल्लक ठेवलेली असते. इंजिन जुनं होत जातं तसं तेवढ्याच जोरासाठी एक्झॉस्टचं तापमान वाढत जातं. ते मर्यादेपासून किती लांब आहे, त्याला आम्ही ईजीटी मार्जिन म्हणतो, आणि इंजिन पंखावरून कधी उतरवायचं ते बऱ्याचदा त्यावर ठरतं. दर टेकऑफला थोडा थोडा थ्रस्ट वाचवला तर हे मार्जिन कितीतरी जास्त टिकतं. कमी ताकदीचा टेकऑफ म्हणजे कंजूषपणा असं कुणी म्हणालं की मला बोलल्यावाचून राहवत नाही. तापमानाने थकलेलं पातं मी हातात घेतलेलं आहे.

आखून दिलेली रेघ म्हणालो, त्याचा एक दाखला फार लहान वस्तूत दिसतो. ७३७ वरचं सीएफएम५६-७बी हे इंजिन १९,५०० ते २७,३०० पाउंडांपर्यंत वेगवेगळ्या थ्रस्टच्या मानांकनांत मिळतं, आणि आतली यंत्रणा मुळात एकच असते. कुठलं मानांकन, ते संगणकाच्या पेटीत खोचलेला एक छोटा प्लग सांगतो. तो एका पट्टीने इंजिनाच्या फॅन केसला बांधलेला असतो. पेटी बिघडून बदलली, तरी प्लग जुनाच राहतो, कारण तो त्या इंजिनाची ओळख आहे. मुठीत मावणाऱ्या त्या तुकड्यावर हजारो पाउंडांचा फरक ठरतो. नवीन मुलांना शिकवताना मी ही पट्टी मुद्दाम हाताने धरून दाखवतो.

कॉकपिटमध्ये थ्रस्ट दाखवणारा काटा असतो का, असंही बरेच जण विचारतात. नसतो. पंखाखाली टांगलेल्या इंजिनाला लोड सेल लावून उडत नाहीत. जीई आणि सीएफएम या कंपन्यांच्या इंजिनांत फॅनचा वेग, म्हणजे एन-वन, टक्क्यांत पाहतात. रोल्स-रॉइसच्या बऱ्याच इंजिनांत मागचा दाब आणि पुढचा दाब यांचं प्रमाण पाहतात, त्याला ईपीआर म्हणतात. अमुक एन-वन म्हणजे अमुक थ्रस्ट, हे नातं टेस्टिंगमध्ये आधी बांधलेलं असतं. दोन इंजिनांत बारीक फरक असतोच, तो संगणकात दुरुस्त करून ठेवतात.

आता वर, ३५ हजार फुटांवर. इथे आकडा ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. त्या उंचीवर हवेची घनता जमिनीवरच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. इंजिन १,६०० ऐवजी सेकंदाला साधारण ६५० किलो हवा घेतं. विमान स्वतः सेकंदाला २५० मीटर जात असतं, त्यामुळे हवा त्या वेगाने आत येते आणि साधारण ३७५ ने बाहेर जाते. वाढ १२५ मीटरची. ६५० गुणिले १२५, म्हणजे ८० किलोन्यूटन. जमिनीवर ५१३ देणारं इंजिन प्रवासाचा बहुतेक वेळ त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या जोरावर चाललेलं असतं.

विमानाच्या बाजूनेही तोच आकडा येतो का? इंधन काहीसं जळून वजन ३०० टनांवर आलंय असं धरा. फ्लॅप्स आत, सगळं गुळगुळीत, लिफ्ट ड्रॅगच्या साधारण १९ पट. ३०० टनांना १९ ने भागलं की पावणेसोळा टन, दोन इंजिनांत वाटले की प्रत्येकी आठ टनांच्या किंचित खाली. म्हणजे ८० किलोन्यूटनच्या आसपास. दोन्ही टोकांकडून हिशोब एकाच जागी भेटतो.

याचा अर्थ इंजिन वर आराम करतंय असा मात्र घेऊ नका. तिथल्या विरळ हवेत ते जेवढा जोर देऊ शकतं, त्याचा मोठा हिस्सा ते देतच असतं. जमिनीवरचा आकडा तिथे मिळणारच नसतो.

हॉर्सपॉवर इथेच निकालात निघते. शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. ब्रेक लावून उभ्या असलेल्या विमानात इंजिन ५१३ किलोन्यूटन लावत असलं तरी विमान हलत नाही, म्हणून विमानाला मिळणारी शक्ती शून्य. त्याच वेळी हवेत ८२ मेगावॉट ओतले जात असतात. वर ८० किलोन्यूटन गुणिले २५० मीटर प्रतिसेकंद म्हणजे २० मेगावॉट, साधारण २७ हजार हॉर्सपॉवर. जोर सहावा हिस्सा, आणि तरी विमानाला मिळणारी शक्ती शून्यावरून २० मेगावॉटवर गेलेली. वेग सांगितल्याशिवाय जेट इंजिनाची हॉर्सपॉवर सांगितली, तर तो आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

जमिनीवर खालच्या टोकाचंही एक वाक्य. प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत टेकऑफला १०० टक्के, चढताना ८५, उतरताना ३० आणि जमिनीवर फिरताना ७ टक्के थ्रस्ट धरतात. प्रत्यक्ष आयडलला, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवलेलं असताना, तो अनेकदा त्याहूनही कमी असतो. तेवढ्यावरही हलकं विमान ब्रेक सोडताच पुढे सरकायला लागतं, म्हणून चालू इंजिनाच्या पुढे-मागे जायचं नाही, मग ते कितीही शांत वाटो.

राहिला विक्रम. डिसेंबर २००२ मध्ये जीई९०-११५बी ने चाचणीत १,२७,९०० पाउंड दिले. १० नोव्हेंबर २०१७ ला जीई९एक्स ने ओहायोतल्या पीबल्स इथल्या टेस्ट स्टँडवर १,३४,३०० पाउंड दिले, म्हणजे ५९७ किलोन्यूटन. प्रवासी विमानाच्या इंजिनाचा हा सर्वांत मोठा नोंदलेला थ्रस्ट. पण हे चाचणीतले आकडे आहेत, इंजिन मुद्दाम मर्यादेपलीकडे ताणून काढलेले. ७७७-९ वर जीई९एक्स चं मानांकन साधारण १ लाख ५ हजार पाउंडांचं आहे.

आणि इथे कुणीही विचारेल : फॅन जीई९० पेक्षा मोठा, ३.४ मीटरचा, विमानाचं कमाल वजन तेच ३५१.५ टन, मग थ्रस्ट दहा हजार पाउंडांनी कमी कसा चालतो? उत्तर पंखात आहे. ७७७-३००ईआर चे पंख टोकापासून टोकापर्यंत ६४.८ मीटर, ७७७-९ चे ७१.८. लांब पंखाला तेवढंच वजन उचलताना ड्रॅग कमी लागतो. वरच्या हिशोबात अकराच्या जागी बारा घाला : ८.३ अधिक २.४, म्हणजे १०.७ टक्के, साधारण साडेसदतीस टन. वेगामुळे गळणारा पाचवा हिस्सा परत जोडला की ४७ टन, पाउंडांत १ लाख ४ हजारांच्या आसपास.